उत्तरेची खूण

मी मेलेल्या कार्दोनची दारं करतो.
निवडुंगच तो, पण खांबासारखा;
मांस गळून गेलं की आत
भोकाभोकांचं लाकूड सापडतं.
जिवंत असेल तर आमच्या दरीत कुणी हात लावत नाही.
माणसाएवढं व्हायला त्याला पन्नास वर्षं लागतात,
दार दोन दिवसांत होतं.

म्हणून रविवारी सकाळी एउलोहिया तोकोनास
उंबऱ्याशी येऊन म्हणाली,
"फेर्मीन, करवत घे, वाचवायचंय,"
तेव्हा वाटलं, बाई चुकून खाटकाकडे आली,
वैद्याचं घर पुढच्या वळणाला.

तिच्या अंगणातला कार्दोन, दीड पुरुष उंच.
बुंध्याला बोट लावलं, ते आत गेलं.
ओल्या फडक्याला चार दिवसांनी येतो
तसला वास.
"पाणी किती घालत होतीस?"
ती आधी कोंबड्यांकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "भांड्यांचं.
देल्फिना कोर्दोबाला गेल्यापासून
एका ताटाला पाणी लागतं कितीसं?
उरलेलं त्याला. रोज."

आधी खडूनं उत्तरेची खूण केली.
आमच्याकडे ऊन उत्तरेचं.
ज्या अंगानं जन्मभर सोसलं
तेच अंग पुन्हा उन्हात उभं राहायला हवं,
सावलीतली बाजू कोवळी असते, भाजते.

मग दोर, सहा माणसं, जुनी गादी.
गादीवर आडवा झाला तेव्हा
कुणी काही बोललं नाही.

पहिला काप: काळा.
वीतभर वर दुसरा: आतलं कडं तपकिरी.
दर कापानंतर करवत दारूनं धुवायची;
अर्धी बाटली करवतीला गेली,
अर्धी नेमेसियोला.
तिसऱ्या कापात कड्यावर एकच ठिपका,
तांबूस, तिळाएवढा.
"पुरे," एउलोहिया म्हणाली, "एवढं चालेल."

वडिलांच्या पायाला आम्हीही पुरे म्हणालो होतो.
अंगठ्याला म्हणालो. घोट्याला म्हणालो.

मी चौथा काप घेतला.
काकडीसारखा स्वच्छ, फिकट हिरवा,
कडेनं थेंब थेंब पाझरणारा.
उरला तो तिच्या खांद्याइतका.

जखमेला गंधक चोळलं, झाकलं नाही.
न्हाणीमागच्या छपरात
फळ्यांच्या चौकटीवर उभा केला, खूण उत्तरेला,
आणि तिला बजावलं: पाणी नाही. एक थेंब नाही.
हे तिला करवतीपेक्षा जड गेलं.
येता-जाता तिथे थांबायची,
हात पदराला पुसायची, कोरडेच असले तरी.
नोव्हेंबर गेला. कापलेला भाग आक्रसून
जुन्या चपलेच्या तळासारखा झाला.
डिसेंबरात सुरकुत्या वर चढल्या.
नेमेसियो मला म्हणाला, दाराचं माप घेऊन ठेव.

कार्निव्हलचे ढोल वाजत होते तेव्हा तिनं बोलावलं.
खाली वाकून, गाल जमिनीला टेकून पाहिलं:
पिल्लाच्या नखांएवढी मुळं,
पांढरी, काही किंचित गुलाबी,
हवेतच जमीन शोधत होती.

खडीत लावला. खूण उत्तरेला.

कुजलेल्या बुंध्याचं लाकूड वाळायला वर्ष गेलं.
दाराला पुरलं नाही.
तिच्या स्वयंपाकघराला खिडकीची एक झडप झाली;
सकाळी भोकांतून
उन्हाचे ठिपके तिच्या ताटावर पडतात.
मी पैसे घेतले नाहीत, तिनं बकरीचं चीज दिलं,
खारट होतं.

देल्फिनाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो,
बिजागरीला तेल घालत.
तिनं झाडाचं विचारलं असावं.
"बुटकं झालंय," एउलोहिया म्हणाली,
आणि भांड्यांचं पाणी
रस्त्यावर फेकून आली.